मुलाची फाइल कुणाकडे आहे?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोकांनी रुळांवर उतरून तासन्‌तास लोकल अडवून धरल्या. तो संताप खरा होता. मला तो आजही योग्यच वाटतो. पण रुळांवरचा हा संताप वाहिन्यांच्या स्टुडिओत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत पोचेपर्यंत त्यातून तीनच गोष्टी उरल्या : फाशी द्या, कॅमेरे लावा आणि जमलं तर कोर्टाची वाट न पाहता निकाल लावून टाका. महिनाभरात आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला, काही ठिकाणी पेढे वाटले गेले आणि विषय मिटल्यासारखा झाला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तोवर बहुतेकांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं.

या सगळ्या गदारोळात ज्या गोष्टीची चर्चा सर्वाधिक व्हायला हवी होती, तीच सर्वांत कमी झाली. मुलींनी आपल्या तोडक्यामोडक्या शब्दांत घरी सांगितलं, त्यानंतर पुढे काय झालं? शाळेला कळूनही शाळेनं पोलिसांना कळवलं नाही. पालक ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदवून घ्यायलाच बारा तासांच्या आसपास गेले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि शाळा व पोलीस दोघांचेही कान उपटले. म्हणजे त्या मुली बोलल्या, त्यांच्या आयांनी विश्वास ठेवला, ज्यांनी धीर धरायचा त्यांनी तो धरला. जे तुटलं ते त्यापुढचं होतं. शाळा, दवाखाना, पोलीस ठाणं, बालकल्याण समिती (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) आणि न्यायालय या सगळ्यांना जोडणारा धागा आपल्याकडे कच्चा आहे. तो पक्का करायचा तर या सर्व यंत्रणांनी ठरलेल्या वेळेत एकमेकांना कळवलंच पाहिजे आणि प्रत्येक मुलामागे त्या कळवण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर असली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. शिक्षा आणखी कडक करण्याची मागणी या दुखण्याला शिवतही नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आपली गत झाली आहे.

फाशीची मागणी करणाऱ्यांना मी सूडबुद्धीचे म्हणणार नाही. ज्याचं मूल ओरबाडलं गेलं, त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघणार नाही. शिक्षेची भीती असावी हेही खरं, आणि ती असणं समाजाच्या प्रकृतीसाठी गरजेचं आहे. पण ज्या शिक्षेसाठी रेल्वे अडली ती कायद्यात आधीपासूनच आहे, हे किती जणांनी सांगितलं? २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्कारासाठी फाशीची तरतूद झाली. २०१९ मध्ये पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा, दुरुस्त झाला आणि गंभीर लैंगिक हल्ल्यासाठी तिथेही मृत्युदंड आला. बदलापूर त्यानंतरच घडलं. गुन्हेगाराला भीती वाटते ती पकडलं जाण्याची, आणि पकडलं जाणं अवलंबून असतं ते पहिल्या दोन-तीन दिवसांत कुणी कुणाला काय कळवलं यावर.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत पॉक्सोखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत दर शंभरांपैकी नव्वदांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात : शेजारी, नातेवाईक, घरचा माणूस, ओळखीचा मास्तर. काकाला फासावर चढवतील असं कळलं तर दहा वर्षांची मुलगी तोंड उघडेल का? तिची आजी तिला उघडू देईल का? शिक्षा जितकी भयंकर, तितका घरातल्या घरात प्रकरण दाबण्याचा रेटा मोठा. म्हणून घराबाहेरच्या माणसाला, म्हणजे वर्गशिक्षिकेला, अंगणवाडी सेविकेला, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला, ते मूल दिसणं आणि दिसल्यावर पुढे कळवणं याला पर्याय उरत नाही.

फाशीनं काय साधतं आणि काय साधत नाही हे महाराष्ट्रानं एकदा फार जवळून पाहिलं आहे. १९९० ते १९९६ या काळात गावित मायलेकींनी कोल्हापूर, पुणे, नाशिक, ठाणे अशा ठिकाणांहून तेरा मुलं पळवली. गर्दीत चोरी करायची, पकडले गेलो तर कडेवरच्या लेकराकडे बोट दाखवून सुटायचं आणि लेकरू अडचणीचं झालं की मारून टाकायचं, अशी ती रीत होती. सहा वर्षं! प्रत्येक शहरात, प्रत्येक ठाण्यात एकेक हरवलेलं मूल होतं. पण ती सगळी मुलं एकाच टेबलावर कुणाला दिसली नाहीत. धागा सापडला तो एका बाईनं आपल्या मुलीसाठी तक्रार लावून धरली तेव्हा. पुढे २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. कारण दयेचा अर्ज सरकारदरबारी जवळपास आठ वर्षं पडून राहिला होता. मुलं हरवली तेव्हा कागद एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात गेला नाही आणि शिक्षा झाली तेव्हा तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला नाही. या प्रकरणातून आपण फाशीचीच आठवण ठेवली. हरवलेल्या प्रत्येक मुलाबद्दल अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये सांगावं लागलं. मधल्या काळात दिल्लीजवळच्या निठारीतलं मुलांचं हत्याकांड घडून गेलं होतं.

कायद्यात काही नाही असं नाही. उलट पॉक्सो कायदा नीट वाचला तर त्यात अख्खी साखळी आखून दिलेली आहे. अत्याचाराची माहितीच काय, नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं कलम २१ नुसार गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखानं लपवलं तर शिक्षा जास्त. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, आणि गणवेशात नाही. न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्य तोवर वर्षात खटला पूर्ण. २०२० च्या नियमांत तर मुलाच्या सोबतीला पहिल्या दिवसापासून खटला संपेपर्यंत एक साहाय्यक व्यक्ती देण्याची सोय आहे. तिनं पोलिसांत, दवाखान्यात, कोर्टात बरोबर जायचं आणि आई-बापांना काय चाललं आहे ते समजेल अशा भाषेत सांगायचं. ही व्यक्ती देणं ऐच्छिक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं. कायदा होऊन तोवर अकरा वर्षं झाली होती.

आता हीच साखळी मुलाच्या बाजूनं पाहा. ते पहिल्यांदा आईला सांगतं. मग बाईंना, मग मुख्याध्यापिकेसमोर. मग ठाण्यात आधी जो भेटेल त्याला, नंतर महिला अधिकाऱ्याला. मग सरकारी रुग्णालयात तपासणी करणाऱ्या डॉक्टरला, मग दंडाधिकाऱ्यांपुढे, मग समितीपुढे आणि काही वर्षांनी, जेव्हा विसरायला लागलेलं असतं नेमकं तेव्हा, भर कोर्टात उलटतपासणीत. प्रत्येक ठिकाणी ते तेच सांगतं, आणि प्रत्येक वेळी त्यात एखादा शब्द बदलतो. बचाव पक्षाच्या वकिलाला तेवढा शब्द पुरतो. यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत, तेव्हा त्यांच्यातला निरोप्या ते मूल होतं. यातल्या प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं तरी त्या मुलावर अन्यायच होतो, हे आपल्या चर्चेत कधी येत नाही. एका माणसाला निलंबित करून प्रश्न मिटल्याचं समाधान आपण मानतो.

आइसलँडनं १९९८ मध्ये यावर एक साधा तोडगा काढला. मुलानं पाच कार्यालयांत जायचं नाही, पाचही कार्यालयांनी मुलाकडे यायचं. ‘बार्नाहुस’ म्हणजे मुलांचं घर. वस्तीतली एखादी वास्तू, आत एका खोलीत प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी बोलते आणि शेजारच्या खोलीत न्यायाधीश, पोलीस, वकील, बालसंरक्षण अधिकारी ते पडद्यावर पाहतात. चित्रीकरण होतं. तपासणी आणि समुपदेशन त्याच छताखाली. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कनं ती रीत उचलली. छोट्या, श्रीमंत देशाचे चोचले म्हणून हे बाजूला सारता येणार नाही. हैदराबादच्या पोलिसांनी २०१६ मध्ये ‘भरोसा’ केंद्र याच दिशेनं उभं केलं, आणि महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं उभारायला सांगितली आहेत.

शेजारच्या गोव्याचा धडा तर आपल्या अगदी दारातला आहे. मडगावात अनाथ मुलांचा आश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला. मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रं त्याच्याकडे मिळाली. परदेशातून येणारे लोक त्या मुलांचा काय वापर करत होते ते तपासात पुढे आलं. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तोवर तो गावात दानशूर गृहस्थ म्हणून मिरवत होता. गोव्यानं यातून एक शहाणपणाची गोष्ट शिकली. मुलांना धोका कुठून कुठून दिसू शकतो याची यादीच जणू २००३ च्या गोवा बाल कायद्यात आली : कुटुंबाबरोबर नसलेलं मूल खोलीत जाऊ न देण्याची जबाबदारी हॉटेलवर टाकली, मुलांची अश्लील छायाचित्रं धुवायला आली तर ठाण्यात कळवण्याची जबाबदारी फोटो स्टुडिओवर टाकली, आणि मुलांसाठी वेगळं न्यायालय स्थापलं. पॉक्सो यायला तेव्हा आणखी नऊ वर्षं होती. गोव्यात सगळं आलबेल झालं असा माझा दावा नाही. पण पाहणाऱ्या प्रत्येकाला कळवणारा करायचं, हा विचार एका किनारपट्टीच्या राज्यानं कागदावर उतरवला.

इथे माझ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो. समन्वयाच्या नावाखाली सरकार आणखी एक समिती नेमतं, तिमाही बैठक होते, चहा होतो, इतिवृत्त लिहिलं जातं आणि मूल आहे तिथेच राहतं. बारभाईची शेती, काय लागेल हाती! हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरावा थेट लंडनचा आहे. फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी आत्यानं (खरं तर वडिलांच्या आत्यानं) आणि तिच्या जोडीदारानं केलेल्या छळात मेली. अंगावर १२८ जखमा होत्या. चार सामाजिक सेवा विभाग, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथकं आणि दोन रुग्णालयं यांना ती ठाऊक होती. एका रुग्णालयानं तिच्या जखमांना खरूज ठरवलं आणि बाकीच्यांनी ते मान्य करून टाकलं. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीनं २००३ मध्ये १०८ शिफारशी केल्या, २००४ मध्ये नवा कायदा आला, ठिकठिकाणी संयुक्त मंडळं बसली. आणि २००७ मध्ये, व्हिक्टोरिया राहत होती त्याच लंडनच्या हॅरिंगे भागात सतरा महिन्यांचं एक बाळ तसंच मेलं. आठ महिन्यांत साठेक वेळा कुणा ना कुणा यंत्रणेच्या माणसानं त्याला पाहिलं होतं. इंग्लंडमधल्याच रॉदरहॅममध्ये तर १९९७ ते २०१३ या काळात अंदाजे १४०० मुलांचं शोषण झालं, असं २०१४ च्या चौकशी अहवालानं सांगितलं. नगरपालिका आणि पोलीस दोघांनाही माहिती मिळत होती, धोक्याचे अहवालही आले होते. मग मंडळं, बैठका, कायदे यांचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण त्यांनी काय चुकवलं ते पाहावं लागेल. त्या मंडळांवर बरेच लोक होते आणि त्यातल्या कुणा एकाचंच हे मूल नव्हतं. इंग्लंडनं २०१७ मध्ये कायदा बदलला तो याच कारणानं. मोठी मंडळं जाऊन स्थानिक पालिका, पोलीस आणि आरोग्यसेवा या तिघांवर नेमकी जबाबदारी टाकली. माहिती पोचणं ही अर्धी गोष्ट. ती ज्याच्याकडे पोचली त्यानं अमुक तासांत अमुक केलं नाही तर जाब कुणाला विचारायचा हे ठरलेलं असणं ही उरलेली अर्धी. बैठकीला जाब विचारता येत नाही. माणसाला विचारता येतो. म्हणून मी मागतो आहे ती समिती नाही. बालकल्याण समिती आहेच, तिला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांसारखे अधिकार आहेत आणि महिन्यातून किमान वीस दिवस बसण्याचं बंधनही. मला हवी आहे ती प्रत्येक मुलाच्या फाइलवर एका अधिकाऱ्याची सही, त्याचं नाव, त्याचा फोन, आणि कुठल्या दिवशी कुणाला काय कळवलं याची नोंद. तो रजेवर गेला तर पुढचं नाव. बदली झाली तर फाइल हातात देऊन बदली.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यात मुलांचंच हित आहे. सगळ्यांनी सगळ्यांना कळवायचं म्हटलं तर गाव तेवढं छोटं असतं. ठाण्यात गेलेली गोष्ट संध्याकाळी पारावर असते. शिवाय कळवण्याच्या सक्तीमुळे गरोदर राहिलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी सरकारी दवाखान्यात जायलाच घाबरते आणि भोंदू हातांत सापडते. अनेकदा तिचा मित्रही तिच्याच वयाचा असतो आणि रागावलेले आई-बाप पॉक्सोचा दांडका म्हणून वापर करतात. हे सगळं घडतं. म्हणूनच सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना तिची ओळख देण्याची गरज नाही. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. घटना कळवणं आणि नाव उघड करणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे त्यानं दाखवून दिलं. माहिती ज्याच्या कामाची त्याच्यापर्यंतच आणि कामापुरतीच जायला हवी. आज नेमकं उलटं होतं : गावभर बातमी असते आणि बालकल्याण समितीला मात्र ती आठवड्यानं कळते. गोपनीयतेचा भंग आत्ताही होतोच आहे. ठरलेला मार्ग नसतो तेव्हा माहिती मिळेल त्या वाटेनं वाहते.

महाराष्ट्राच्या ज्या कोपऱ्यात मला याची निकड सर्वांत जास्त दिसते तिथे कॅमेरा लावून उपयोग नाही. बीडहून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याबरोबर मुलगी कोल्हापूर, सांगली नाहीतर बेळगावच्या फडावर जाते. सहा महिने तिची शाळा एका जिल्ह्यात, ती दुसऱ्या जिल्ह्यात. शिक्षणापुरतं आपण शिक्षण हमी पत्रक काढलं : गाव सोडताना शाळेनं द्यायचं, नव्या शाळेनं ते पाहून मुलाला वर्गात बसवायचं. संरक्षणाचं काय? चौदाव्या वर्षी तिचं लग्न लावून ‘कोयता’ पुरा केला जातो, कारण मुकादम उचल देतो ती जोडप्याला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक आहे. शाळेच्या हजेरीपटावर मुलीची गैरहजेरी आहे. आशाताईच्या वहीत तिच्या गरोदरपणाची नोंद आहे. बालरोग, बाळंतपण, हजेरी, लग्न, सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं आहे, वेगवेगळ्या वह्यांत. या तीन माणसांनी महिन्यातून एकदा आपापल्या वह्या समोरासमोर उघडल्या तर किती लग्नं आधी कळतील? आणि ग्रामसेवकानं एकट्यानं लग्न थांबवायचं तर त्याच्या पाठीशी ठाण्याची गाडी उभी राहणार आहे का? त्यानं त्याच गावात उद्या घरपट्टी वसूल करायची आहे, हे विसरून चालणार नाही.

पैशांचा आणि माणसांचा मुद्दा यापुढे टाळता येत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बरीच माणसं कंत्राटावर आहेत. त्यांच्यावर अख्ख्या जिल्ह्याची मुलं आहेत. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइन देशभर नावारूपाला आली ती फोनवरच्या आवाजामागे धावून जाणाऱ्या संस्थांच्या जाळ्यामुळे. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडली गेली. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, पण रात्री दोनला आलेल्या फोननंतर त्या मुलाच्या दारात कोण जाणार, याचं उत्तर कंत्राट संपत आलेल्या कार्यकर्त्याच्या भरवशावर सोडता येणार नाही. समन्वय फुकटात होतो हा मोठा गैरसमज आहे. त्याला माणूस लागतो, गाडी लागते आणि ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं म्हणणाऱ्याला बोलावून विचारण्याचा अधिकार लागतो.

म्हणून सरकारकडे मागायचं तर हे मागा. प्रत्येक जिल्ह्यानं, मुलांची ओळख कुठेही न देता, वर्षातून एकदा चार आकडे जाहीर करावेत. किती प्रकरणं चोवीस तासांत बालकल्याण समितीकडे पोचली. किती मुलांना साहाय्यक व्यक्ती मिळाली आणि घटनेनंतर किती दिवसांनी. एका मुलाला आपला जबाब सरासरी किती वेळा द्यावा लागला. किती मुलांची साक्ष तीस दिवसांत झाली. हे आकडे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक या दोघांच्या सह्यांनी यावेत, म्हणजे एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा राहणार नाही. पुढच्या अधिवेशनात आपापल्या आमदारानं फाशीऐवजी या चार आकड्यांवर तारांकित प्रश्न टाकावा, एवढं पत्र आपल्यातला कुणीही लिहू शकतो.